टिळकवाडीतील ‘हीदर’: एका नावाखाली वाढलेल्या दोन झाडांचे प्रकरण

बेळगावातील टिळकवाडीत एका बंगल्याच्या फाटकापासून पायरीपर्यंत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येकी २० याप्रमाणे, ‘हीदर’ या नावाने विकत घेतलेली ४० रोपे लावलेली होती. कंपाउंडच्या भिंतीकडील रांगेतल्या १७ रोपांची शेंड्याची पाने मे महिन्यापासून पिवळी पडत गेली आणि सप्टेंबरात जवळजवळ पांढरी झाली. समोरच्या रांगेत पिवळेपणा नव्हता, मात्र पानांच्या कडा करपलेल्या होत्या. व्हरांड्यात ‘एरिका’ अशी चिठ्ठी लावलेल्या २ कुंड्या होत्या, त्यांतील झुडपे याच काळात तपकिरी होऊन वाळू लागली. बाग ज्यांची आहे त्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी प्रत्येक उपायाची तारखेनिशी नोंद वहीत ठेवलेली होती, आणि या प्रकरणाचा उलगडा झाला तो बहुतांशी त्या वहीमुळे.

या हौसेला एक पूर्वपीठिका आहे. काकूंचा मुलगा एडिंबरात नोकरीला आहे. त्याच्याकडे एका ऑगस्टमध्ये गेल्या असता त्यांनी स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर मैलोगणती पसरलेला जांभळा फुलोरा पाहिला आणि परतल्यावर तेच झाड आपल्या अंगणात असावे असे त्यांच्या मनाने घेतले. गावातल्या एका नर्सरीत ‘हीदर’ मागितल्यावर बारीक पानांची आणि नाजूक जांभळ्या फुलांची रोपे मिळाली. ती लागलीच रुजली आणि पहिली दोन वर्षे बारमाही फुलली. वास्तविक संशय यायला हवा होता तो इथेच, कारण खरे हीदर बेळगावात इतक्या सुखाने नांदत नाही. हीदरच्याच कुळातल्या ‘एरिका’च्या २ कुंड्या पुतण्याने दक्षिणेकडच्या एका थंड हवेच्या ठिकाणाहून आणल्या होत्या. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘एरिका’ म्हटले की बहुतेक ठिकाणी पाम दाखवतात, तो अरेका पाम असतो आणि त्याचा या कुळाशी कसलाही संबंध नाही. पुतण्याने आणलेली झुडपे मात्र नावाप्रमाणे एरिकाच निघाली.

पाहणीला गेलो तेव्हा मी प्रथम माती न पाहता फूल पाहिले. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे असते. वाटेच्या कडेच्या रोपाला पाने समोरासमोर जोडीने आलेली, चपटी आणि टोकाकडे निमुळती होती. फूल जेमतेम सेंटिमीटरभर, त्याला सहा सुट्या पाकळ्या, आणि त्या कागद चुरगाळून पुन्हा उलगडावा तशा सुरकुतलेल्या. पाकळ्यांखाली हिरवी नळी. ही कुफिया, कुफिया हिसोपिफोलिया. मूळची मेक्सिको, ग्वाटेमाला आणि होंडुरास या प्रदेशांतील; दिसायला हीदरसारखी म्हणून व्यापारात तिला ‘मेक्सिकन हीदर’ किंवा ‘खोटे हीदर’ म्हणतात, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातले ‘मेक्सिकन’ आणि ‘खोटे’ हे दोन्ही शब्द गळून पडतात. तिचे कुळ मेंदीचे. डाळिंब, ताम्हण आणि खानापूरच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलणारी धायटी ही सगळी तिची भावंडे. काकूंना हे सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी दोन वर्षे मेंदीच्या बहिणीला स्कॉटलंडची समजत होते.”

कुंडीतल्या झुडपाची गोष्ट वेगळी होती. पाने सुईसारखी, एका पेरातून तीन-चार वर्तुळाकार निघालेली. फूल पाकळ्या जोडून झालेली लांबट घंटा, आणि सुकल्यावरही गळून न पडता फांदीवरच तपकिरी होऊन राहणारे. ही एरिका प्रजाती. जगात तिच्या ८०० च्या वर जाती असून त्यांतील बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या आहेत. युरोपात त्यांच्या मानाने फारच थोड्या. स्कॉटलंडचा तो जांभळा डोंगर ज्या झाडाचा, ते याहूनही निराळे. त्याचे नाव कॅलुना व्हल्गॅरिस, आणि त्या प्रजातीत ही एकच जात आहे. लिनियसने १७५३ साली त्याला एरिकातच घातले होते, १८०२ मध्ये सॅलिसबरीने ते वेगळे काढले. ‘कॅलुना’ हा शब्द झाडून स्वच्छ करणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आहे, कारण तिकडे याच्या काटक्यांचे खराटे बांधत. कॅलुनाची पाने खवल्यांसारखी चार रांगांत एकमेकांवर बसलेली असतात आणि फुलाचा रंग मुख्यत्वे पाकळ्यांचा नसून निदलांचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचा असतो. काकूंच्या अंगणात कॅलुना एकही नव्हते.

आता वहीकडे वळतो. एप्रिलमध्ये कंपाउंडच्या भिंतीचे प्लास्टर नव्याने करून घेतले. मे महिन्यात भिंतीकडची रोपे पिवळी पडू लागली. काकूंनी हीदरच्या निगेविषयी इंग्रजीत जे वाचायला मिळाले ते वाचले आणि ते मनोभावे पाळले. हीदरला आम्लधर्मी माती लागते असे वाचून त्यांनी जूनपासून आठवड्यातून दोनदा ५ लिटर पाण्यात वाटीभर व्हिनेगर मिसळून दोन्ही रांगांना झारीने द्यायला सुरुवात केली, आणि जुलैत त्याला तुरटीच्या पाण्याची जोड दिली. हीदर निकस जमिनीवर वाढते, त्याला खत मानवत नाही, हे वाचून शेणखत आणि गांडूळखत दोन्ही बंद केले. हीदरच्या जुन्या, निष्पर्ण लाकडात कात्री घालू नये, तिथून पुन्हा फूट येत नाही, हे वाचून छाटणीही थांबवली, त्यामुळे रोपे खालून उघडी आणि लांबोडकी झाली.

या तिन्ही सूचना हीदरपुरत्या बरोबर आहेत. कॅलुना आणि बहुतेक एरिका यांना साधारण ४.५ ते ६ सामूची (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल) माती मानवते. त्यांच्या केसासारख्या मुळांवर वस्ती करणारी विशिष्ट बुरशी निकस मातीतून त्यांना अन्न मिळवून देते, म्हणून खताचा भार त्यांना नको असतो. आणि त्यांची छाटणी फुलोरा संपल्यावर वाळलेल्या फुलांच्या जरा खाली, हिरव्या भागातच करायची असते. कुफियाला यांतले काहीच लागू नाही. तिला किंचित आम्ल ते उदासीन माती पुरते, बारा महिने फुलायचे म्हणून नियमित खत लागते, आणि जून झाल्यावर चांगली खोल छाटणी केली तरी ती खालून फुटते. काकूंनी काळजी घेण्यात तसूभरही कसर केली नव्हती. त्यांच्या जागी निष्काळजी माणूस असता तर समोरची रांग करपली नसती, हे जरा खेदानेच नमूद करावे लागते.

दोन रांगांना औषध एकच मिळाले आणि लक्षणे मात्र दोन दिसली, हाच निदानाचा धागा होता. करपलेल्या कडा दोन्हीकडे होत्या, तेव्हा त्या झारीतल्या पाण्याच्या. पिवळेपणा फक्त भिंतीकडे होता, तेव्हा त्याचे कारण भिंतीशीच शोधायला हवे होते. तिथले पान जवळून पाहिले की शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तेही कोवळ्या पानांवर आधी. ऊस लावणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे चित्र ओळखीचे आहे. चुनखडीच्या जमिनीत खोडव्यावर (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकावर) पडतो तोच हा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. बागेत कामाला येणारे माळीमामा सौंदत्तीकडचे. त्यांनी खुरप्याने भिंतीच्या बुडाशी वीतभर उकरले तेव्हा वाळूमिश्रित सिमेंटचे गोळे, जुन्या प्लास्टरचे पापुद्रे आणि पांढुरकी भुकटी वर आली. गवंड्यांनी पडलेला मसाला उचलण्याऐवजी मातीत सारवून टाकला होता. मामा एवढेच म्हणाले, “आमच्याकडची एरी जमीनसुद्धा इतकी पांढरी नसते.” एरी म्हणजे तिकडची काळी जमीन. सामू मोजला तो भिंतीकडे ८.१ आणि समोर ६.४ भरला. बोअरच्या पाण्याचा ७.९ होता, आणि ते पाणी जड असल्याची साक्ष न्हाणीघरातल्या बादलीच्या काठावरचा पांढरा थरच देत होता.

बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या मातीला आणि जांभ्याला जो रंग आहे तो लोहाचाच आहे. तरीही तीत लावलेले झाड लोहाला मुकते, याचे कारण असे की सामू चढला की लोह मातीत विरघळत नाही आणि मुळाला न विरघळलेले काही घेता येत नाही. कोठार भरलेले, पण कुलूपबंद, अशी ती अवस्था. व्हिनेगरने हे कुलूप का उघडले नाही, तेही सांगायला हवे. त्यातले आम्ल चुन्याशी संयोग पावून लगेच संपते, उरलेसुरले मातीतले जिवाणू काही दिवसांत फस्त करतात, आणि सामू पुन्हा जिथल्या तिथे येतो; मधल्या काळात पानावर पडलेले थेंब मात्र कड जाळून जातात. तुरटीचा परिणाम जास्त टिकतो, पण तिच्यातील ॲल्युमिनियम साठत गेल्यास मुळांची टोके खुंटतात. हायड्रेंजियाचा रंग निळा करण्यासाठी तुरटी वापरतात, त्यामुळे ती बागेला निरुपद्रवी आहे असा जो समज पसरला आहे, तो मला तरी धोक्याचा वाटतो.

उपाय दोन टप्प्यांत केले. पहिल्या दिवसापासून व्हिनेगर आणि तुरटी बंद केली, आणि समोरच्या रांगेला दोन वेळा भरपूर साधे पाणी देऊन माती धुऊन काढली. भिंतीकडे गंधक घालून सामू उतरवावा असा एक विचार होता. परंतु मातीत मोकळा चुना इतका असताना गंधकाचे सगळे आम्ल तो चुना मारण्यातच खर्ची पडते, म्हणून ती माती काढून टाकणेच स्वस्त पडेल असे ठरले. भिंतीपासून ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर घेतला, मलबा पोत्यांत भरून बाहेर काढला, आणि खानापूर रस्त्याकडून आणलेली तांबडी माती तीन भाग व कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण भरले. काढलेली रोपे दोन दिवस सावलीत ओल्या गोणपाटात ठेवून पुन्हा लावली. मुळे नव्या मातीत पसरेपर्यंत पानांतून लोह मिळावे यासाठी लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व अशी फवारणी दहा दिवसांच्या अंतराने तीनदा, संध्याकाळी केली. इथे माझी एक चूक झाली. पहिल्या फवारणीच्या वेळी वाटेच्या शहाबादी फरशीवर प्लास्टिक अंथरले नाही आणि हिराकसाचे तांबेरलेले डाग पडले. त्यांतले काही आजही आहेत.

बाजारात चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह, मिळते आणि ते वापरले असतेही, पण त्यातला एक भेद विक्रेते सहसा सांगत नाहीत. ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू ६.५ च्या वर गेला की मातीत टिकत नाही, फवारणीला मात्र चालते. जास्त सामूच्या मातीत द्यायचे तर ईडीडीएचए प्रकार लागतो आणि तो बराच महाग असतो. १७ रोपांसाठी हिराकस पुरेसे होते.

तिसऱ्या आठवड्यात नवी फूट हिरवी आली. आधीची पांढरी पाने मात्र सुधारली नाहीत, आणि ती सुधारत नसतात. हे आधीच सांगून ठेवले नसते तर काकूंनी त्या पानांकडे पाहून चौथी आणि पाचवी फवारणीही केली असती. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, दोन्ही रांगांची एकतृतीयांश उंची छाटली आणि रोपामागे दोन मुठी गांडूळखत दिले. १७ पैकी ६ रोपे तोवर मेलेली होती. त्यांच्या जागी समोरच्या निरोगी रोपांची ८ ते १० सेंटिमीटरची छाटकलमे, खालची पाने काढून, निम्मी वाळू आणि निम्मे कोकोपीट यांत लावली; महिन्याच्या आत त्यांना मुळे फुटली. जानेवारीत पूर्ण वाट फुललेली होती. कुफियाबाबत सावधगिरीची एक गोष्ट सांगायची तर तिचे बी सहज पडून रुजते, फरशीच्या फटींतही उगवते, आणि हवाई बेटांवर ती तण ठरली आहे. म्हणून छाटलेला पाला ओढ्यानाल्याच्या काठी न टाकता खड्ड्यात पुरावा असे मामांना सांगितले. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात ज्यांची घरे किंवा फार्महाउस आहेत, त्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

एरिकाच्या कुंड्यांचा निकाल इतका सरळ लागला नाही. दोन्ही कुंड्या प्लास्टिकच्या, खाली बशी, बशीत जुलैच्या झडीचे पाणी भरलेले. एक झुडूप पूर्ण वाळले होते. ते उपसून मूळ दोन बोटांत धरून ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. ही मूळकूज होय. एरिकाची मुळे उथळ आणि अतिबारीक असतात, त्यांना ओल हवी पण साचलेले पाणी क्षणभरही नको, आणि पावसाळा ओसरल्यावर बोअरचे पाणी दिले की त्यातील चुना कुंडीत साठत जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथल्या हवेला आपण थंड म्हणतो. ती पुण्या-मुंबईच्या मानाने थंड आहे, हीदरच्या मानाने नाही. त्याला वाऱ्यावरचे उघडे रान आणि गार रात्री हव्या असतात, आणि आमच्याकडे आर्द्रा ते आश्लेषा हवेतच पाणी असते.

दुसरे झुडूप निम्मे जिवंत होते, म्हणून ते वाचवण्याचा प्रयत्न केला. पसरट मातीची कुंडी घेतली. धुऊन क्षार काढलेले कोकोपीट, सुरूच्या कुजलेल्या सुया आणि जांभ्याची भरड यांचे मिश्रण भरले, शेणखत मुळीच घातले नाही. मुळांवरच्या उपयुक्त बुरशीला धक्का नको म्हणून बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणे) टाळली. पाणी फक्त पावसाचे. याची लोक उगाच धास्ती घेतात. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने १०० लिटर पाणी होते, आणि एका कुंडीला जानेवारी ते मे या १५० दिवसांत रोज अर्धा लिटर धरले तरी ७५ लिटरच लागते. झाकणाचे २०० लिटरचे एक पिंप सप्टेंबरच्या परतीच्या पावसात दोन सरींत भरले. कुंडी पूर्वेच्या व्हरांड्यात, नऊपर्यंतचे ऊन मिळेल अशी ठेवली.

जानेवारीत त्या झुडपाने एका फांदीवर मोजून ११ घंटा धरल्या. एप्रिलची धग काकूंनी ओल्या वाळूच्या परातीत कुंडी ठेवून निभावून नेली. मग मृगाचा पाऊस आला, कुंडी वळचणीखाली कोरडी असूनही नऊ दिवस हवेतली ओल हटली नाही, आणि जूनच्या अखेरीस ते झुडूप गेले. माती, पाणी आणि जागा या तीन गोष्टी माणसाच्या हातात असतात, तेवढ्या केल्या होत्या. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की बेळगाव शहरात केपकडील एरिका हिवाळ्यापुरती कुंडीत आणून हौस भागवायला हरकत नाही, पण तिला बारमाही झाड समजू नये. आणि कॅलुनाच्या नादी लागूच नये. चुना सहन करणारे म्हणून आल्प्सकडील एरिका कार्नियाचे नाव पुष्कळदा सुचवले जाते. तिला चुन्याची फारशी अडचण नाही हे खरे, पण ती बर्फाखालून फुलणारी जात आहे, आणि बर्फ आपण कुठून आणणार?

हे सगळे झाल्यावरही मुलाने फोनवर विचारले की येताना कॅलुनाचे बी खिशातून आणू का. याला मी ठाम नकार दिला. वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार बी किंवा रोप बाहेरून आणायचे तर आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि चिमूटभर बियांनाही त्यातून सूट नाही. न्यूझीलंडमध्ये १९१२ पासून टोंगारिरोच्या राष्ट्रीय उद्यानात शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांसाठी म्हणून कॅलुना मुद्दाम पेरले गेले. पक्षी तगले नाहीत, झाड मात्र माळ व्यापून बसले, आणि ते आवरण्यासाठी १९९६ मध्ये युरोपातून त्याला खाणारा भुंगेरा आणून सोडावा लागला. मुलाने ऐकले. पुढच्या खेपेला तो त्या डोंगराचे छायाचित्र चौकटीत घालून घेऊन आला, ते आता व्हरांड्यात त्या कुंडीच्या जागेवर टांगले आहे.

वाटेवरच्या कुफियाची स्थिती सध्या चांगली आहे, तरी प्रकरण मी अजून बंद केलेले नाही. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झाले असून तिकडच्या भिंतीच्या क्युरिंगचे, म्हणजे सिमेंट पक्के होण्यासाठी मारलेले पाणी कंपाउंडखालून झिरपून रांगेतल्या शेवटच्या चार रोपांशी येते. तिथे भिंतीलगत वीतभर रुंदीची खडीची नाली काढायला मामांना सांगितले आहे, आणि पाऊस संपल्यावर त्या चार रोपांच्या बुडाशी सामू पुन्हा मोजायचा आहे. काकूंनी वहीत तशी नोंद केली आहे; फक्त पानाच्या वरचे ‘हीदर’ हे नाव खोडून तिथे ‘कुफिया’ लिहिले आहे.